इंजिन घोडेगावला, गाडी खोडदला

खोडद,
१२ ऑक्टोबर १९९७, रविवार

सयादादा,

साष्टांग नमस्कार. अक्षर ओळखलंस का? वाटणीनंतरच्या नऊ वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा नसेल ओळखलं तरी राग नाही. मी तुझी चुलत बहीण, धर्माजीची अश्विनी. पत्र पोस्टात न टाकता घोडेगाव एसटीच्या ड्रायव्हरकडे देतेय. ते थेट तुझ्या गॅरेजवर येईल, तुझ्या नानांच्या हातात पडणार नाही.

कामाचं लिहिते. आजोबांची मोटार आबांनी भंगारात द्यायची ठरवलीय. म्हणजे आमच्या वाटणीची अर्धी: सांगाडा, चाकं, पत्रा आणि दोन सीटा. इंजिन आणि गिअरबॉक्स तुमच्याकडे. माझे आबा आणि तुझे नाना, दोघा भावांनी विहीर वाटली, बैल वाटले, ते मी समजू शकते. पण चालती मोटार खोलून एकानं धड न्यायचं आणि दुसऱ्यानं काळीज, हे शहाणपण आपल्याच घराण्यात झालं असेल. वर चार पंचांच्या सह्या.

पुण्याच्या वकीलसाहेबांची ती उघडी विलायती एमजी मोटार आजोबांनी त्यांचे ड्रायव्हर म्हणून वीस वर्षं चालवली, आणि साहेब विलायतेला गेले तेव्हा त्यांनाच देऊन गेले, हे तुला ठाऊक आहे. एक गोष्ट ठाऊक नाही. मी नववीत असताना गहू निघाल्यावर मोकळ्या रानात आजोबांनी मला ती शिकवली, आणि म्हणाले, माझ्यामागं ही तुझी. ते ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. वाटणीच्या दिवशी मी बोलले, तर आबा म्हणाले, मोठ्यांच्या मध्ये पोरींनी बोलू नये.

आता मी चोवीस वर्षांची आहे, जुन्नरच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि मध्ये बोलणार आहे. आबांशी तीन दिवस भांडून मुदत मिळवलीय. गुढीपाडव्याच्या आत मोटार खोडदहून घाटमाथ्यावरच्या घाटघरला जाऊन आपल्या चाकांनी घरी परत आली तर ती माझी. ओढून आणावी लागली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. आबा हे हसत हसत कबूल झाले, कारण इंजिन कुठे आहे ते त्यांना चांगलं माहीत आहे.

ते मला हवंय. दे.

तुझी
अश्विनी


घोडेगाव,
२६ ऑक्टोबर १९९७

चि. अश्विनीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर न्हाई वळखलं, पर पत्रातला दम वळखला. लहानपणी चिंचा वाटताना बी तू अशीच बोलायचीस.

इंजिनाची काळजी करू नगं. गोणपाटात गुंडाळून, तेल घालून, मागच्या पडवीत ठिवलंय. पर नानाला कळलं तर माझं काय खरं न्हाई. तुमच्या घराचं नाव निघालं तरी तो ताटावरून उठतो. तुझ्या आबानं फसवलं म्हणतो. काय फसवलं ते इचारलं की दुसरंच बोलतो.

तवा आधी तू धड नीट कर. त्या गाडीच्या पत्र्याखाली लाकडाची चौकट असती, ती सडली असंल. ब्रेकचे नळ गंजले असतील. पेट्रोलची टाकी बारीक गळत असंल तर धुण्याचा साबण घासून बसव, पेट्रोलनं तो सुटत न्हाई. रेडिएटर झिरपला तर पाण्यात चमचाभर हळद टाक. हसू नगं, आमच्याकडं येणारे निम्मे ट्रक हळदीवर चालत्यात.

एक इचारतो, राग धरू नगं. पान्हा खरंच तू धरतीस का कुणाकडनं करून घेतीस?

सयाजी


खोडद,
२३ नोव्हेंबर १९९७, रविवार

सयादादा,

पान्हा कोण धरतं त्याचं उत्तर घे.

गेल्या रविवारी मला बघायला रांजणीचे पाहुणे येणार होते. मला सांगितलं होतं चार वाजता, ते आले अडीचला. मी गाडीखाली उताणी पडून ब्रेकचे नळ जोडत होते. मुलाच्या वडलांनी विचारलं, "हे पाय कुणाचे वो, पावणं?" आबा म्हणाले, "मेकॅनिकचे." मी बाहेर आले, ग्रीसचे हात पदराला पुसले आणि नमस्कार केला. चहा न घेताच गेले. आई दोन दिवस बोलली नाही. आबा मात्र बोलले, इतकं बोलले की विचारू नकोस. मी सांगितलं, ज्यांना माझे हात चालत नाहीत त्यांच्या घरी मी कशाला जाऊ. मला त्याचं अजिबात वाईट वाटलेलं नाही.

आता काम. आधी गाडीतल्या सात कोंबड्या बाहेर काढल्या. एक खुडूक बसली होती, तिच्यामुळे एक रविवार वाया गेला. चौकट खरंच सडली होती. बैलगाड्या करणारे आपले चिमाजी मिस्त्री आधी म्हणाले, असलं विलायती काम आपल्याला जमायचं नाही. मी जुना तुकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, यात जमण्यासारखं नाही ते काय? चिडले आणि बाभळीची अशी चौकट करून दिली की मूळ लाकूड लाजेल. जुन्या सीटा कोंबड्यांनी संपवल्या होत्या, म्हणून मोडक्या टेम्पोच्या कापून बसवल्या. टप नाही, परवडत नाही, डोक्याला रुमाल बांधीन. रंग द्राक्षावर औषध मारायच्या पंपानं मारला. तीन ठिकाणी ओघळ आलेत, पण लांबून दिसत नाहीत.

धड तयार आहे. तुझं इंजिन गोणपाटात निवांत झोपलंय म्हणतोस, तर त्याच्यावरचा नंबर बघून कळव. आणि फोटो काढून पाठव.

अश्विनी


घोडेगाव,
१४ डिसेंबर १९९७

अश्विनी,

तू मास्तरीण हायेस हे मी इसरलो व्हतो. नंबर मागितलास तितंच मी सापडलो.

इंजिन गोणपाटात न्हाई. ते नदीवर हाय. वाटणी झाली त्या साली नानानं त्याला पट्टा लावला, पट्ट्यावर पाण्याचा पंप लावला, आणि नऊ वर्सं ते घोडनदीचं पाणी वर चढवतंय. आमचा सगळा कांदा त्याच्यावर हाय. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्याच पत्राला नाद सोडला असता, म्हून खोटं लिवलं.

आता गरवा कांदा लावायला घेतलाय. इंजिन काढलं तर रान वाळंल आन नाना मला उभा चिरंल. पुढच्या साली बघू म्हणतो. तुझ्या आबाला मुदत वाढवून माग.

चुकलं माझं.

सयाजी


खोडद,
२१ डिसेंबर १९९७

सयादादा,

पत्र वाचून आधी तुला मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू आलं. अरे वेड्या, ही चांगली बातमी आहे. गोणपाटात नऊ वर्षं पडलेलं इंजिन गंजून दगड झालं असतं. रोज पाणी उपसणारं इंजिन जिवंत आहे. नानांनी रागाच्या भरात का होईना, आजोबांची मोटार जगवली.

आणि मी नाद सोडला असता, हे तुला सांगितलं कुणी?

मुदत मागणार नाही. मागितली की आबा जिंकले. तुझ्या गॅरेजमध्ये कुणाचं डिझेल इंजिन पडून असेलच. ते पंपाला जोड, हे सोड. कांदा एक दिवसही तहानलेला राहता कामा नये, ते तुझ्याकडे. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो आणणारा टेम्पो खोडदपर्यंत येईल, ते माझ्याकडे.

तुला भीती वाटत असेल तर तसं लिही, मी स्वतः पान्हे घेऊन नदीवर येते. पण पुन्हा खोटं लिहू नकोस.

अश्विनी


घोडेगाव,
४ फेब्रुवारी १९९८

अश्विनीस,

आशीर्वाद देण्यासारखं काम तू केलेलं न्हाईस म्हून लिवत न्हाई.

सयाजी मला म्हणला, इंजिन खोलायला गॅरेजवर नेलं. टोमॅटोच्या टेम्पोवाल्यानं भर बाजारात मला सांगितलं की ते खोडदला उतरवलं. चार मानसं ऐकत व्हती. माझ्या पोटच्या पोरानं मला फसवलं, आन त्याला शिकवणारी तू.

फसवणं तुमच्या घराला नवं न्हाई. तुझ्या बापाला इचार. वाटणीच्या आदल्या दिवशी त्यानं इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून घेतला. अंगठ्याएवढी वस्तू. टोपणाखाली ती फिरती, तवा चारी प्लगला ठिणगी जाती. ती ठिवून इंजिन मला दिलं, म्हंजी लोखंडाचा गोळा दिला. मी तीन महिने त्याच्यापायी हिंडलो. शेवटाला जीपचा रोटर कानशीनं घासून, खाली पुठ्ठ्याची चकती घालून बसवला. आजतागायत तुझ्या बापानं त्याच्यावर तोंड उघडलेलं न्हाई.

शाळेत शिकवतीस म्हून मोठ्यांच्या वाटण्या मोडायचा अधिकार तुला कुणी दिला? आठ दिवसांत इंजिन नदीवर पायजे. न्हाईतर मी सोता येतो.

भिमाजी


खोडद,
८ फेब्रुवारी १९९८, रविवार

ति. नाना,

साष्टांग नमस्कार. तुम्ही आशीर्वाद दिला नाहीत तरी नमस्कार मी करणार, तो माझा आहे.

इंजिन परत येणार नाही.

तुमच्या कांद्याला एका पाळीचाही खाडा पडलेला नाही. सयादादानं त्याच दिवशी डिझेलचं इंजिन पंपाला जोडलं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. उद्या ते बंद पडलं तर निरोप धाडा, मी येऊन पाणी देईन. वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरता येतात मला. टेम्पोवाल्याकडून तुम्हाला कळावं हे मात्र चुकलं. ते मी तुमच्यासमोर उभं राहून सांगायला हवं होतं. एवढ्याची माफी मागते, बाकी कशाची नाही.

रोटरचं आबांना विचारलं. ते जेवत होते. म्हणाले, "भाकरी वाढ." म्हणजे तुमचं खरं असणार. आबांनी केलं ते वाईटच केलं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण नाना, त्यानं माझं काय घेतलं, यानं माझं काय ठेवलं, हे तुम्ही दोघं नऊ वर्षं धरून बसलात. माझं काय घेतलं हे दोघांपैकी एकानं विचारलं नाही. आजोबांनी मोटार मला देऊ केली होती. वाटणीपत्रात बैलांची नावं आहेत, माझं नाही. अधिकार कुणी दिला म्हणता, तर आजोबांनी दिला. साक्षीदार नाही, म्हणून मोटारीलाच साक्षीला उभं करतेय.

तुम्ही स्वतः येणार म्हणता, जरूर या. इंजिन बसवलंय, काल सुरू झालं. न्यायचं असेल तर मला गाडीतून उतरवून न्यावं लागेल.

२२ मार्चला सकाळी घाटघरला निघणार आहे.

तुमची पुतणी
अश्विनी


घोडेगाव,
१ मार्च १९९८

अश्विनी,

नानाला काय लिवलंस ग बाई? पत्र वाचलं, घडी घालून बंडीच्या खिशात ठिवलं. मला वाटलं आता टेम्पो करून निघतोय तुमच्याकडं. निघाला न्हाई. काल जेवताना एकदम म्हणला, "कार्बोरेटर साफ करताना सुई वाकडी तर न्हाई केली तिनं?" मी म्हणलं, मला काय ठावं. मग उठून गेला.

आता एक ध्यानात घे. पंपावर इंजिन एकाच वेगानं चालतं, तितं जीपचा रोटर भागवून नेतो. गाडीत तसं न्हाई. चढाला तू पाय दाबलास की तो दगा देईल असं मला वाटतं. मूळचा रोटर आबाकडं असंल तर हुडक. पुण्यात दोन ठिकाणी इचारलं, मिळत न्हाई.

मला २२ तारखेला येता यायचं न्हाई. डिझेलचं इंजिन कुरकुर करतंय, पाण्याची पाळी हाय, त्याच्यापाशी बसाया लागंल. कांदा वाळला तर तुझ्या शब्दाला काय ऱ्हाईल?

सयाजी


खोडद,
१५ मार्च १९९८, रविवार

सयादादा,

तुझं बरोबर निघालं. सपाटीला गाडी छान चालते. नारायणगावच्या अलीकडे जरा चढ लागला की गचके देते आणि मरते. आज तीनदा मेली.

दोष रोटरचाच आहे हे मला कसं कळलं ते ऐक, शाळेत सांगणार आहे. आमच्या गावात त्या आकाशातलं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या आहेत ना, तिथले एक गृहस्थ रस्त्यात भेटले. म्हणाले, बाई, असली जुनी गाडी तबकड्यांजवळ नेऊ नका, प्लगच्या ठिणग्यांची खरखर रेडिओला ऐकू येते. मी म्हटलं, रेडिओला ऐकू येते तर मलाही येईल. घरचा ट्रान्झिस्टर आणून सीटवर ठेवला आणि इंजिन वाढवलं. आधी सारखी खरखर, मग ती तुटायला लागली, मग बंद, आणि इंजिनही बंद. ठिणगीच जात नाही. कार्बोरेटरची सुई सरळ आहे म्हणून नानांना सांग.

आबांकडे रोटर पुन्हा मागितला. म्हणाले, "मला काय म्हाईत." फडताळ, कोठीघर, बैलांचा गोठा सगळं उलथंपालथं केलं. मिळाला नाही. संध्याकाळी भंगारवाला दारात येऊन गाडीभोवती फिरून गेला. त्याला आबांनी पाणी दिलं, चहा दिला.

आई म्हणते, हरलीस म्हण आणि मोकळी हो. हरले म्हणून घरी बसून राहणार नाही. बंद पडायचीच असेल तर घाटाच्या तोंडाशी पडू दे. मी रविवारी जाणार.

अश्विनी


खोडद,
२३ मार्च १९९८

ति. नाना आणि सयादादा,

दोघांना मिळून हे एकच पत्र. नानांनी आधी वाचावं.

काल सकाळी सहाला निघाले. दुसऱ्या सीटवर ट्रान्झिस्टर. आबा ट्रॅक्टर घेऊन मागे, त्यावर जाडजूड दोर. म्हणाले, "बंद पडली की वढाया कुणीतरी पायजे." जुन्नरच्या बाजारात लोक दुकानातून बाहेर आले. आजोबांना नावानं ओळखणारे एक म्हातारे पुढे येऊन म्हणाले, "ही तर बहिरूची गाडी." मी म्हटलं, आता माझी आहे. मागून आबांनी ऐकलं असणार.

आपटाळे गेलं, चावंड गेलं. सावकाश चालवली, पाय दाबलाच नाही. घाटघरच्या अलीकडच्या चढाला मात्र दाबावाच लागला. ट्रान्झिस्टरची खरखर तुटली, गाडीनं चार गचके दिले आणि उभी राहिली. सहा वेळा सुरू केली, सहा वेळा मेली. शेवटी मी दगड लावला चाकाला आणि खाली उतरले. मला रडू येत होतं, पण आबांसमोर रडायचं नव्हतं म्हणून बॉनेट उघडून आत बघत बसले.

आबा ट्रॅक्टरवरून उतरले. दोर घ्यायला मागे गेले असं मला वाटलं. ते पुढे आले, बंडीच्या आतल्या खिशातून तंबाखूची डबी काढली. डबीत कापूस आणि कापसात रोटर. नाना, त्याची पितळेची पट्टी आरशासारखी चमकत होती. नऊ वर्षं पडून राहिलेलं पितळ असं राहत नाही, ते कुणीतरी पुसावं लागतं.

मला बाजूला सारून त्यांनी स्वतः टोपण काढलं, जीपचा रोटर आणि पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "भिमानं डोकं चालवलंय." रागानं नाही म्हणाले.

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही दिला? म्हणाले, "त्यानं येकदा येऊन मागितला असता तर त्याच पावली दिला असता." मी म्हटलं, तुम्हीच एकदा नेऊन दिला असता तर? ते ट्रॅक्टरकडे जाऊन आणलेला दोर गुंडाळत बसले.

एका हिसक्यात सुरू झाली. चढ चढली, घाटघरला पोचली, आणि दिवस मावळायच्या आत घरच्या अंगणात उभी राहिली. थांबली होती, पण ओढावी लागली नाही. आबांनी थांबली म्हणजे हरली असा ठरल्याचा अर्थ काढायचा प्रयत्न केला, मी करू दिला नाही. भंगारवाल्याला सकाळी परत पाठवलं, ते मात्र त्यांनीच.

घाटघरला मी म्हटलं होतं, ट्रॅक्टर इथं ठेवा, परत येताना माझ्याशेजारी बसा. नाही म्हणाले. "भिमाचं इंजिन हाय त्यात, त्याला न इचारता मी कसा बसू?" आणि गेले ट्रॅक्टरवर.

जीपचा रोटर आणि पुठ्ठा सोबत पाठवतेय. तुमची वस्तू तुम्हाला.

अश्विनी


घोडेगाव,
२६ मार्च १९९८

चि. अश्विनीस,

अनेक आशीर्वाद. या टायमाला लिवतो.

पत्र तीनदा वाचलं. सयाजीला वाचाया दिलं न्हाई, त्यानं चोरून वाचलं. जीपचा रोटर मिळाला. मी तो खिळ्याला टांगलाय.

आता माझं ऐक. मागल्या पत्रात मी तुझ्या बापाचं सगळं लिवलं, माझं लिवलं न्हाई. ज्या दिवशी त्यानं रोटर काढला, त्याच दिवशी मी फडताळातनं गाडीचं आर.सी. बुक काढलं व्हतं. कागुद माझ्याकडं असला की गाडी त्याला कुणाच्या नावावर करता याची न्हाई, असा माझा इचार. आजच्या घटकेपर्यंत ते माझ्या ट्रंकंत व्हतं. तो रोटर पुसत बसला, मी बुकाला डांबरगोळ्या लावत बसलो. मागायला मी का जाऊ, असं म्हणत माझी बी नऊ वर्सं गेली.

ते बुक ह्या पत्रासंगं ड्रायव्हरकडं दिलंय. आत फारम घातलेत. बहिरूचा वारस म्हून गाडी नातीच्या नावावर करायला माझी हरकत न्हाई, अशी सही केलीय. दुसऱ्या वारसाची जागा मोकळी हाय. तुझ्या बापासमोर ठिव आन म्हण, नानाची झाली, आता तुमची. भाकरी वाढ म्हणला तर वाढू नगं.

रोटर मूळचा बसलाय, तर ठिणगीचं टायमिंग पुन्हा लावावं लागंल. जीपच्या हिशोबानं मी ते सरकवलं व्हतं. तुझ्या हातानं जमंल, पर मी एकदा बघीन.

डिझेलचं इंजिन काल बंद पडलं. दारं धरीन म्हणाली व्हतीस. पाडवा झाल्यावर रविवारी ये. गाडी घिऊनच ये, आन एकटी येऊ नगं. इंजिन माझं हाय, आन मीच बस म्हणलंय म्हून तुझ्या बापाला सांग. दोन सीटा हायती तिला.

भिमाजी